पेंढ्यातले गणपती आणि माझे दात

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स आहे. नाव ऐकून तुम्ही जरा हिरमुसला असाल. इंजिन बोललं असतं तर तुम्ही कान टवकारले असते, हॉर्न बोलला असता तर हसला असता. माझी ही रोजचीच कथा आहे. दसऱ्याला हार गाडीच्या तोंडाला, लिंबू चाकाखाली, हळदकुंकू स्टिअरिंगला. मी गाडीच्या पोटाखाली चिखल खात बसलेला. मात्र मी नसेन तर इंजिन नुसतं ओरडत बसेल आणि चाक तसूभर हलणार नाही, हेही लक्षात असू द्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. धातूची एक पेटी, आत लहानमोठी दातेरी चाकं आणि ती बुडतील इतकं तेल. या चाकांच्या दातात दात अडकतात आणि इंजिनाचं बळ पुढे जातं. चढावर गाडी हळू पण जोरात ओढायची असते, सपाटीवर वेगात पळवायची असते. ती अदलाबदल मी करतो. माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये क्लच नावाचा सख्खा शेजारी आहे. चालकाने पाय दाबला की तो आम्हा दोघांना क्षणभर सोडवतो, पाय उचलला की घट्ट जोडतो.

आमचा मालक पेणचा हरेश. तोच चालवतो. उन्हाळ्यात आम्ही खाडीकाठच्या मिठागरांतून मिठाच्या गोण्या वाहिल्या. गोण्या रचताना हरेशचा हात सैल असायचा. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, सपाट होईपर्यंत भरायचा आणि वर "आजून दोन टाक" म्हणायचा. त्या दोन गोण्यांचा भार माझ्या दातांवर यायचा, हे त्याच्या गावीही नव्हतं. पण खरा मान भाद्रपदाच्या आधी. पेणजवळच्या हमरापूरच्या घराघरांत गणपती रंगत असतात आणि ते रोहा, धाटावपर्यंत पोचवायचं काम आमचं.

शाडूची मूर्ती फार नाजूक. एक बोट तुटलं तर घेणारा ती घरात घेत नाही. हरेशला याची इतकी धास्ती, की गाडी हलताना जराही झटका बसू नये म्हणून तो क्लचवरचा पाय पुरता उचलतच नसे. अर्धा दाबून, अर्धा सोडून गाडी तरंगत न्यायची. गर्दीत तसंच, चढावर तसंच. लोक म्हणायचे, हरेशची गाडी म्हणजे पाळणा. तो खूश व्हायचा. आजवर आपल्या गाडीत एकही बोट तुटलेलं नाही, हे तो चहाच्या टपरीवर अनोळखी माणसालाही ऐकवायचा.

त्या पाळण्याची दोरी माझा शेजारी होता, मित्रांनो. अर्धा पाय म्हणजे क्लचची तबकडी ना धड जोडलेली, ना धड सुटलेली. ती घासते, तापते, झिजते. त्यात हरेशचा डावा हात सदा गिअरच्या दांड्यावर टेकलेला. त्याला तो आराम वाटे. आत माझे भाग एकमेकांवर दाबले जात. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचा आणि खाली आल्यावर वेगातच मला गिअरमध्ये ढकलायचा. मी करकर करून सांगत होतो. तो गाणी मोठी लावायचा. मला त्याचा राग यायचा, आणि मूर्ती सुखरूप उतरल्या की अभिमानही वाटायचा. दोन्ही खरं आहे.

यंदा हमरापूरच्या इंदुबाईंची मोठी मूर्ती न्यायची होती. इंदुबाई कित्येक वर्षं व्यापाऱ्यासाठी गणपती घडवत. त्यांच्या हातचे गणपती दुसऱ्याच्या नावाने विकले जात. धाटावच्या कामगार वसाहतीतल्या ऋतुजाने तिथल्या गणेशमंडळाची अध्यक्ष झाल्यावर चौकशी करत करत मूळ हात शोधून काढला आणि मूर्ती थेट त्यांनाच करायला सांगितली. मूर्ती नीट पोचली तर दरवर्षी त्यांच्याच नावाने, असं ठरलं होतं. म्हणून इंदुबाई स्वतः गाडीत बसून येणार होत्या. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती.

नेमकं त्याच आठवड्यात अमावास्येच्या उधाणाने खाडी बांधावरच्या रस्त्यावर चढली होती. हरेशने वळसा टाळायला गाडी त्या पाण्यातून घातली होती. मी तापलेला होतो. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि श्वासाच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. खारं पाणी माझ्या तेलात मिसळलं. हरेशने गाडी वरून धुतली, काच पुसली आणि झालं.

मूर्ती चढली. इंदुबाईंनी भोवती भाताचा पेंढा ठासून भरला, हातांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या बांधल्या. पेण, वडखळ, कासू, नागोठणं. तिथवर मी कसाबसा आलो. मग भिसे खिंडीचा चढ लागला. हरेशचा पाय अर्ध्यावर, इंजिन जोरात ओरडतंय आणि गाडी मात्र मंदावत चालली. त्याने मला दुसऱ्या गिअरमध्ये लोटलं. पाणचट तेलात दात नीट बसेनात. मी किंचाळलो, एका दाताचं टोक उडालं, आणि गाडी मागे घसरू लागली.

मी घाबरलो होतो. मागे ती मूर्ती, आणि उतार सरळ वळणाकडे. हरेशने ब्रेक दाबून धरला. इंदुबाई उतरल्या आणि मागच्या चाकांना दगड लावून आल्या. करपल्याचा वास सुटला होता. हरेशचा चेहरा उतरला. त्याने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला.

नागोठण्याचा खालिद मोटरसायकलवरून आला. आखातात गॅरेजमध्ये वर्षं काढून परतलेला माणूस. त्याने माझ्या खालचा बोल्ट सोडला, तेल डब्यात धरलं आणि हरेशला दाखवलं. "ही दूधवाली चाय हाय, हरेशभाऊ. तेल नाय." त्याने नवं तेल भरलं, क्लचची ताणलेली तार सैल केली आणि बजावलं, की तबकडी पार झिजली आहे, आता अर्धा क्लच दिला तर खिंडीतच रात्र काढावी लागेल. पहिला गिअर टाकायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. धाटाव गाठायचं, मग गाडी सरळ त्याच्याकडे आणायची.

हरेश बसला, पण पाय उचलेना. झटका बसेल, काकी, बोटं तुटतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"हरेश, तुज्या पायानं नाय टिकल्या माज्या मूर्ती," त्या म्हणाल्या. "हाताच्या आत मी तार घालतंय. भवती पेंढा दाबतंय. इतकी वरसं त्यानं टिकल्या. पाय सोड."

हरेशच्या टपरीवरच्या साऱ्या गप्पा त्या एका वाक्यात संपल्या होत्या. मग त्याने ओठ दाबले आणि हळूहळू, पण थेट शेवटपर्यंत पाय उचलला. गाडीला हिसका बसला. शेजारी घट्ट जोडला गेला, माझे दात दातांत बसले, आणि कित्येक वर्षांनी मी चढ असा चढलो, जसा चढायचा असतो. मला रडू आलं असतं, पण गिअरबॉक्समधून काही गळणं चांगलं नसतं.

धाटावला ऋतुजाने पेंढा बाजूला केला. बोटं शाबूत, सोंड शाबूत, कान शाबूत. फक्त उंदराची शेपटी निखळली होती. इंदुबाईंनी पिशवीतून डबी काढली, चिमूटभर ओली शाडू घेतली, शेपटी जोडली, वर रंगाचा हात फिरवला. ऋतुजा शेजारी उभी राहून पाहत होती. तिने मंडळाच्या फळ्यावर इंदुबाईंचं नाव लिहायला सांगितलं, मोठ्या अक्षरांत.

नंतर खालिदने मला उघडलं. खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजली होती, ती बदलली. शेजाऱ्याला नवी तबकडी मिळाली. माझी श्वासाची नळी त्याने उंच बांधली. उडालेलं टोक मात्र परत आलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये मी अजून किंचित गुणगुणतो.

हरेश आता सकाळी गाडी काढण्याआधी वाकून पाहतो, जमिनीवर तेलाचा थेंब तर नाही ना. पाण्यातून गेलो की तेल तपासतो. हात दांड्यावर नाही, पाय क्लचवर नाही, गोण्या बेताच्या. मी करकरलो की गाणं बंद करून ऐकतो. तुमच्याही घरी गाडी असेल, तर ती कुरकुरते तेव्हा एवढं ऐका.

कारण, मित्रांनो, उंदराच्या शेपटीला इंदुबाईंच्या डबीतली चिमूटभर माती पुरली. माझ्या दाताला लावायला तसली डबी कुणाकडेच नाही.