ढेपेवर वाढलेला टमाटा

मी टमाटा. आमच्या खामगावात मला भेदरं म्हणतात. माझा जन्म शेषरावांच्या परसात, न्हाणीच्या पाण्यालगत झाला. एवढं खात्रीने सांगतो. पुढचं मात्र माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे.

शेषराव म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचे पेन्शनर हेडमास्तर. मुलीच्या लग्नात त्यांचे व्याही भगवानराव भर पंगतीत म्हणाले होते, "मास्तरची बाग म्हंजे नुसता पाला!" तेव्हापासून मास्तरांची झोप उडाली. आमच्याकडे भेदरं हिरवंच तोडून चटणीला वाटायचं; साहेबलोक मात्र लाल भेदरं तसंच कापून खातात, असं त्यांनी ऐकलं होतं. व्याही जळगाव जामोदहून घरी येतील, तेव्हा त्यांच्या ताटात तेच वाढायचं, असा त्यांनी पण केला.

ढेप खाऊन गाय दूध देते, मग झाड फळ का देणार नाही? तेलगिरणीतली सरकीची ढेप रोज माझ्या झाडाच्या मुळाशी पडू लागली. वर दोन वेळा पाणी.

"अवो, झाडाले ढेप अन् गायीले नुसता कडबा!" त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई ओरडत. "आता दूध काय भेदराचं काढता?"

"तुले काय समजते त्यातलं?"

झाड मांडवासारखं पसरलं. पोट भरलेल्या झाडाला पानांचाच सोस. फळ पिकवायची घाई त्याला कशाला? त्यात पौषाची थंडी. मास्तर रोज मला अंगठ्याने दाबून पाहत आणि उसासा टाकत. निदान लाजेने तरी लाल व्हावं, तर तेही जमेना. कदाचित दोष माझाच असेल.

"पिकत नाही तं द्या इकडे, चटणी वाटतो," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पाटा धुवायला घेतला.

मास्तरांनी घाईघाईने मला तोडलं आणि पाडाच्या आंब्यासारखं गवतात दडपलं. तिथे ना ढेप, ना पाणी. उबेत मी हळूहळू लाल झालो.

आज भगवानराव आले. माझ्या फोडी पाहताच त्यांनी ताट मागे सारलं.

"मास्तर, हे तं मांसावानी दिसून राह्यलं! हिरवं असतं तं चटणी हाणली असती."

"ऐका!" मनकर्णाबाई दाराआडून म्हणाल्या.

"पिकलेलं लई गोड लागते," मास्तर म्हणाले.

"तुम्ही खाल्लं काय कधी?" व्याह्यांनी विचारलं.

खाल्लं नव्हतं. या घरात कोणीच खाल्लं नव्हतं.

मास्तरांनी डोळे मिटून एक फोड तोंडात टाकली आहे. व्याही त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलेत. मी जरा आंबट आहे, कबूल. पण मास्तर, हात जोडतो, एवढा एक घास तोंड वाकडं न करता गिळा!