हवामानवाल्यांचा रेनकोट

पैज माझीच, आणि लावली जिन्यात, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. आमचे समोरचे हवामानवाले संगणकावर पुढच्या पन्नास वर्षांचं हवामान मांडतात, पण साध्या प्रश्नाला सरळ हो-नाही म्हणतील तर शपथ! आठ दिवसांत एकदा तरी वदवून घेतो, म्हटलं. जमलं, तर त्यांनी भर उन्हात रेनकोट, गमबूट घालून, छत्री उघडून चौकाला फेरी मारायची. नाही जमलं, तर मी.

सहा दिवस पिच्छा पुरवला.

"चहा घेणार?"

"बहुतेक."

"वहिनी घरात आहेत?"

"दाट शक्यता आहे."

"अहो, मी तुमच्या मागेच उभी आहे!" वहिनी कडाडल्या.

सातव्या दिवशी हुकमी पत्ता टाकला: इस्त्रीवाली ताई. टपरी सोडून ती कोपऱ्यावरचं दुकान दहा वर्षांच्या करारावर घेणार होती. होतं नव्हतं ते सगळं त्यात घालून. "पाणीबिणी शिरेल का, जाऊन विचार ना त्यांना," मी तिला पिन मारली आणि दाराआड कान लावला.

"दादा, उद्या सही आहे. शिरेल का हो पाणी?"

"ताई, आमच्या मॉडेलमधला एक चौकोन पंचवीस किलोमीटरचा. आपली वस्ती, टेकडी, नदी, सगळ्यांना मिळून एकच आकडा. तुमचं दुकान त्याला दिसतच नाही. मुसळधार पाऊस वाढेल असं वाटतं. पण कुठल्या वर्षी, कुठल्या गल्लीत, ते कसं सांगू?"

"मग मी करू काय?"

माझी मस्ती तिथेच उतरली.

हवामानवाल्यांनी चपला चढवल्या. आम्ही दोघं मागोमाग. दुकानाचा उंबरा रस्त्यापेक्षा वीतभर खाली. आत शिरून त्यांनी भिंतीलगतचं कपाट सरकवलं. मालकाने नवा रंग कपाटापर्यंतच फासलेला, आणि मागे गुडघाभर उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ.

"इथे पाणी येऊन गेलंय. पाऊस आहे तेवढाच राहिला तरी पुन्हा येईल."

"मग घेऊ का मी?"

"बहुतेक म्हणा," मी त्यांच्या कानात पुटपुटलो. "पैज आहे!"

"नाही. घेऊ नका, ताई."

रविवारी दुपारी रखरखीत ऊन. गमबूट वाजवत स्वारी निघाली. गल्ली लोटलेली.

"ओ हवामानवाले, पाऊस कधी?" न्हावी ओरडला.

"सांगता येत नाही!"

ताई टपरीतून इस्त्री उंचावून हसली. जिंकलेला मी घामाने निथळत होतो.

"सरका जरा," म्हटलं, आणि त्यांच्या छत्रीत शिरलो.