मागच्या अंगणातला नळ

धुळ्यात तेव्हा आर्किटेक्ट म्हणजे काय हे कोणाला ठाऊक होतं? अभिमन बैसाणेला लोक इंजिनेर म्हणायचे, नाहीतर सरळ नकाशेवाला. मुंबईला शिकून आलेल्या या गड्याने आधी गोदामं आणि शाळांच्या मुताऱ्या काढल्या, तेव्हा कुठे इंदरचंद शेठचा बंगला हाती लागला. शेठ कापसाचे व्यापारी, माणूस मोकळा. अभिमन बौद्ध आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत, तरी त्याला शेजारी बसवून जेवायला घालायचे. अभिमनला आभाळ ठेंगणं झालं होतं.

नकाशा पुरा होत आला तेव्हा शेठ म्हणाले, "साहेब, मागे एक नळ काढा. हमाल येतात, झाडणारी येते. पाण्यासाठी त्यांना घराशी यायला नको." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची गोष्ट वेगळी."

कळलं नाही असं नाही हो. पण मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं केलं त्याने. 'तुमची गोष्ट वेगळी' हे फार गोड लागलं त्याला. नळ काढला, खाली बुटका ओटा काढला, आणि कोणी सांगितलं नसताना पुढे सिमेंटच्या जाळीची भिंत टाकली, म्हणजे पाणी पिणारे लोक घरातून दिसणार नाहीत. शेठची बायको मोहनबाई म्हणाल्या, "बरं सुचलं तुम्हाला." तो दिवसभर खूश होता.

गृहप्रवेशाला शेठनी आवर्जून त्याच्या आईला बोलावलं. धुरपदाबाई शिंदखेड्याकडच्या खेड्यातून एसटीने यायची होती. जन्मभर तिने लोकांच्या भिंती बाहेरून लिंपल्या. आज तिने पुढच्या पायऱ्या चढून, पोराने बांधलेल्या घरात यावं, एवढीच अभिमनची हौस. तो सकाळपासून पायऱ्यांवर उभा. पाहुणे आले, पंगत बसायची वेळ झाली, आईचा पत्ता नाही. शेवटी तो शोधत मागे गेला.

आई जाळीआड ओंजळीने पाणी पीत होती.

"माय, पुढथून काब नही उनी?"

"तहान लागनी व्हती. बंगला कोनाबी ऱ्हावो, मांगली वाट माले मालूम शे." तिने नळ बंद केला, पुन्हा उघडून पाहिला. "बठ्ठा बंगलामा हाऊ नळ चांगला शे. कोनी वरथून पानी टाकाले नको, कोनी हाकलाले नको. आपला लोकेसनी याद ठेवी तू."

अभिमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या ओंजळीत लोकांनी लांबून पाणी ओतताना त्याने लहानपणी पाहिलं होतं. तिने जाळीवरून हात फिरवला.

"हाई जाळी कसाले रे?"

खरं सांगायला तोंड उघडलं त्याने. निघालं भलतंच. "ऊन लागाले नको म्हनीसन, माय."

तेवढ्यात मोहनबाई मागच्या दारात आल्या. "आई आल्या का? या ना, पानं वाढलीत."

धुरपदाबाई पदराने तोंड पुसत मोठ्या कौतुकाने त्यांना म्हणाली, "देखा बाई, आम्हले ऊन लागाले नको म्हनीसन मन्हा पोऱ्यानी जाळी बी करी."

मोहनबाईंनी एकदा अभिमनकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आई चपला काढून मागच्याच दाराने आत गेली.