पायजम्याच्या खिडक्या

दोरा सुईत ओवायचा तर ओठांत ओला करूनच. पाण्याने दोरा नुसता भिजतो, त्याला टोक येत नाही, असं शिंपीकाकांचं ठाम मत होतं. पण घशाच्या कॅन्सरसाठी त्यांना रेडिएशन दिलं. कॅन्सर गेला, आणि जाताना तोंडातली लाळही घेऊन गेला. चाळीस वर्षं सुईला दुसऱ्याचा हात लागू न देणारा हा माणूस आता रोज सकाळी दहा सुया काकूंपुढे ठेवायचा आणि त्या ओवून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा.

म्हणून हॉस्पिटलातल्या थेरपिस्टबाईंनी पायाला विजेचे हलके झटके देणारं एक छोटं यंत्र काढलं तेव्हा काका तयार झाले, पण नाक मुरडूनच.

"पायाला शॉक देऊन तोंडाला पाणी सुटणार?"

"शॉक नाही हो काका, मुंग्या आल्यासारखं वाटेल. काहींची लाळ वाढते, काहींची नाही. बारा आठवडे बघू, नाहीतर थांबवू."

यंत्राच्या पट्ट्या पायावर कुठे चिकटवायच्या हे बाईंनी टेपने मोजलं नाही. काकांचीच चार बोटं त्यांच्या घोट्यावर आडवी ठेवली आणि पेनाने खूण केली, तशीच गुडघ्याखालीही, दोन्ही पायांवर. ज्याचं माप त्याच्याच बोटांनी! काका तिथेच खूश झाले. बाईला कापायची अक्कल आहे, हे त्यांनी घरी दोनदा सांगितलं.

तीन आठवड्यांत जीभ टाळूला चिकटायची थांबली. मग यंत्र घरी आलं आणि काकांची कारागिरी उफाळून आली. रोज पायजमा वर गुंडाळायचा कोणी? त्यांनी नवा पायजमा शिवला आणि खुणा जिथे येतात नेमक्या तिथेच, बटण लावून बंद होणाऱ्या झाकणाच्या चार खिडक्या ठेवल्या. बघणारा वाहवा करायचा. पेनाच्या खुणा पुसल्या गेल्या, पण खिडक्या होत्या ना!

आणि तोंड पुन्हा कोरडं पडलं. दहाव्या आठवड्यात बाईंनी बोलावलं तेव्हा, यंत्र परत मागणार, असं धरून काका पाय ओढत गेले. सुई आता कायमची काकूंच्याच हातात राहणार, या विचाराने त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

बाईंनी घोट्यावरची खिडकी उघडली, घोट्यापासून तिथपर्यंत काकांची बोटं ठेवली. चाराच्या जागी सहा भरली.

"काका, हे कापड कापायच्या आधी भिजवलं होतं का?"

भिजवलं नव्हतं. कोरं कापड आटतं, आधी भिजवा, असं गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. स्वतःच्या वेळी मात्र घाई नडली. धुऊन धुऊन पायजमा आटला होता आणि खिडक्या वर सरकल्या होत्या.

बाई ओरडल्या नाहीत. "चूक माझीही आहे, मधे मी तपासायला हवं होतं. हे आठवडे धरायचेच नाहीत. आजपासून नवे बारा. आणि खिडक्यांची कल्पना झकास आहे, दुसऱ्या पेशंटसाठी शिवून द्याल? भिजवून मात्र."

असं माणूस शंभरात एक, असं काका आजही म्हणतात.

घास अजूनही पाण्याच्या घोटाबरोबरच उतरतो. पण नव्या बारांतल्या अकराव्या आठवड्यात एका सकाळी काकू चष्मा लावून दुकानात आल्या, तर नऊ सुया ओवून ओळीने टोचलेल्या.

"ही एक का राहिली?" त्यांनी विचारलं.

"ती तुझी," काका म्हणाले. "सवय झालीये आता मला."

काकूंनी दोरा ओठांत धरला, पण हसू आवरेना, म्हणून नेम दोनदा चुकला. या वेळी काका खिडकीबाहेर बघत नव्हते.