दोन पायांचं एकमत

संघात सगळे तिला ताई म्हणत. डावा बचावपटू तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, तो तिला ताई म्हणे, आणि बाकीच्या बावीस जणांना वेगळा शब्द शोधायचा कंटाळा होता. पुढे प्रशिक्षकही ताई म्हणू लागले, जे तिच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठे होते. एकदा एक खेळाडू मैदानात लोळत असताना पंचांनीसुद्धा "ताई, या लवकर" अशी हाक मारली होती. ती संघाची फिजिओ होती, पण हा शब्द फक्त दारावरच्या पाटीवर उरला होता.

भाऊ तेहेतीस वर्षांचा होता. फुटबॉलमध्ये या वयाला फार आदराने वागवतात, म्हणजे तुमच्या देखत तुम्हाला सामान उचलू देत नाहीत आणि पाठीमागे बदली खेळाडू शोधतात. त्याला सगळे आजोबा म्हणत. ताईचा धाकटा भाऊ आजोबा होता. मग आपण कोण, हा हिशेब तिने कधी मांडला नव्हता.

मंगळवारी सकाळी आजोबा उपचाराच्या खोलीत टेबलावर उताणे पडले होते. ही खोली पूर्वी कपडे धुण्याची होती. जमिनीच्या मधोमध अजून मोरीची जाळी होती आणि कितीही मलमं आणली तरी वास साबणाचाच यायचा. रविवारी सामना झाला होता, उद्या बुधवारी पुढचा. तीनच दिवसांचं अंतर. सामन्यानंतर मांडीमागचे स्नायू थकतात आणि भरून यायला वेळ घेतात. विशीतल्या पोरांचे तीन दिवसांत येतात. आजोबांचे येतात, पण चहापाणी करत येतात.

ते आले की नाही हे मोजायची ताईची पद्धत साधी होती. मोठ्या क्लबांकडे त्यासाठी खोलीभर यंत्रं असतात, इथे रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र होतं. गुडघा वाकवायचा, टाच एका खोक्यावर ठेवायची, टाचेखाली रक्तदाबाचा पट्टा थोडा फुगवून ठेवायचा आणि टाचेने जीव खाऊन दाबायचं. काटा जिथे जाईल तो आकडा. मग दुसरा पाय. दोन पायांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर खेळायचं नाही. हा नियम तिनेच ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता. तेवढं मोठं लिहायला नको होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"डावा. दाब."

आजोबांनी घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडतानाचा चेहरा केला. काटा एकशे बासष्टवर थांबला. दोन हंगामांपूर्वी हाच स्नायू फाटला होता, नऊ आठवडे घरी बसवलं होतं त्याने. एकदा फाटलेल्या ठिकाणाला पुन्हा फाटायची आवड असते.

"आता उजवा."

उजव्याच्या वेळीही तोच चेहरा झाला, थोडा जास्तच. बरणी बहुधा मोठी होती. काटा एकशे साठ.

"बघ ताई," आजोबा छताकडे बघत म्हणाले, "सारखे. दोघांचं एकमत."

"हो. पाहुण्यांसमोर नवरा-बायकोचं असतं तसं." तिने वहीचं मागचं पान उलटलं. "काल उजवा एकशे शहाण्णव होता. रात्रीत काय झालं त्याला?"

"वय."

"आणि डाव्याला?"

आजोबांनी थोडा विचार केला. "तोही साधारण तेवढाच आहे."

आजवर तिने दुखरा पाय चांगला असल्याचं सोंग पाहिलं होतं. फरक दिसू नये म्हणून चांगल्या पायाला आजारी पाडणारा माणूस तिने एकदाही पाहिला नव्हता. असं डोकं जगात एकाच माणसाला होतं, आणि ते तिच्याच घरात जन्मलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्याने हेच केलं होतं. तो अकराचा, ती पंधराची. शाळेचा सामना होता आणि याला ताप. आई थर्मामीटर आणायला आत गेली तेवढ्यात त्याने तोंडात बर्फ कोंबला, आणि सुजलेल्या पायाला लावतात तसा गालाच्या आतून जिभेला लावून धरला. आईने आकडा वाचला. त्या आकड्याप्रमाणे मुलगा पहाटेच वारलेला होता, आणि तो तर बूट घालत होता. आईने थर्मामीटर बिघडला म्हणून फेकून दिला. ताईने बर्फ पाहिला होता. त्याने हात जोडले म्हणून ती गप्प राहिली. त्याने दोन गोल केले, तिसऱ्याच्या वेळी मैदानातच कोसळला आणि बारा दिवस दवाखान्यात होता. तिला कुणी काही विचारलं नाही. पुढे लोक विचारत, तू या धंद्यात कशी आलीस? ती म्हणे, बर्फामुळे. लोकांना वाटे, ती सुजेवर लावायच्या बर्फाबद्दल बोलते आहे.

"ताई," तो उठून बसला. "उद्या बाबा येणार आहेत."

हे तिला माहीत होतं. बाबा सव्वीस वर्षं शहर बस चालवत होते. प्रेक्षकांना मैदानावर आणणारी बस त्यांचीच, आणि परत नेणारीही. सामना चालू असताना ते बाहेर बस लावून बसत. मुलगा आत नऊ वर्षं खेळला, त्यांनी त्याला एकदाही पाहिलं नाही, फक्त ऐकलं. गोल झाला तर लोकांचा आवाज पोटातून येतो आणि हुकला तर नाकातून, असं ते सांगत. मागच्या शुक्रवारी ते निवृत्त झाले. उद्या पहिल्यांदा तिकीट काढून आत बसणार होते. घरच्या मैदानावरचा हा शेवटचा सामना होता, आणि आजोबांचा करारही याच हंगामापुरता.

"रविवारी आहे की अजून एक," ती म्हणाली.

"बाहेरगावी. चार तास बसने. दुसऱ्याने चालवलेल्या बसमध्ये बाबा बसतात का? मावशीच्या लग्नाला चालत गेले होते ते."

हे खरं होतं. ते अक्षता पडून गेल्यावर पोचले होते.

"तू फक्त सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "तेव्हाही नव्हतं सांगितलंस."

"म्हणूनच आज सांगणार आहे."

"तू माझी ताई आहेस की फिजिओ?"

"दोघी आहेत इथे. दोघींचं एकमत आहे, आणि ते खरं आहे."

तेवढ्यात प्रशिक्षकांनी दारातून डोकं घातलं. "काय ताई, आजोबा उद्या धावणार ना?"

तिने वही पुढे केली. "पंच्याहत्तर मिनिटं धावतील. मग एकदा जोरात सुटतील आणि नऊ आठवडे बसतील."

प्रशिक्षकांनी दोन्ही आकडे पाहिले. "सारखेच तर दिसतायत."

"सारखेच आहेत. उजवा खोटं बोलतोय."

प्रशिक्षकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा मोरीच्या जाळीची भोकं मोजत होते. "बरं," म्हणून प्रशिक्षक गेले. आजोबांनी मोजे घातले, दोन्ही उलटे, आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. ताईने वहीत खरं ते लिहिलं आणि नंतर बराच वेळ पट्ट्यातली उरलीसुरली हवा काढत बसली. तो केव्हाच रिकामा झाला होता.

बुधवारी राखीव खेळाडूंच्या बाकामागे, कठड्यापलीकडच्या पहिल्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. शेजारी आजोबा, साध्या कपड्यांत. ताई बाकावर होती, पाठ त्यांच्याकडे, कान तिकडेच.

"तू कुठे आहेस?" बाबांनी विचारलं.

"इथे. तुमच्या शेजारी."

"अरे, मैदानात कुठे असतोस म्हणतोय मी."

आजोबांनी डावीकडची बाजू दाखवली. तिथे आज दुसराच पोरगा होता. बाबांनी मान हलवली आणि मग ते तिकडेच बघत राहिले. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला तरी त्यांची नजर त्या गवताच्या पट्ट्यावरून हलली नाही. अर्ध्या तासाने आपल्या संघाने गोल केला. सगळे उभे राहिले. बाबा बसूनच होते.

"बाहेर आवाज जास्त मोठा ऐकू येतो," ते म्हणाले.

आजोबा टाळ्या वाजवून खाली बसले. मग म्हणाले, "बाबा, मला खेळायचं होतं आज. तुमच्यासाठी."

"ताईने सांगितलं मला. उजव्या पायाचंही सांगितलं." बाबांनी शर्टाची बाही सारखी केली. "मी सव्वीस वर्षं बाहेर बसलो. तू नव्वद मिनिटं बसलास तर झिजणार आहेस का?"

ताईने मागे वळून पाहिलं नाही. तिला पाण्याच्या बाटल्या मोजायच्या होत्या. त्या अकरा होत्या. तिने तीनदा मोजल्या.

सामना संपल्यावर बाबा कठड्यावरून वाकले. "काय गं, त्या रविवारच्या बसमध्ये चालकाच्या लगेच मागची जागा मिळेल का? मला रस्ता दिसला पाहिजे. आणि त्याचे हात."

"बघते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी निघण्याआधी बाबा उपचाराच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. आजोबा टेबलावर. उजवा पाय दोनशे नऊ. डावा दोनशे चार. बरणीचा चेहरा यावेळी नव्हता, नुसता घाम होता.

"पुन्हा," ताई म्हणाली.

दोनशे आठ. दोनशे पाच.

तिने आकडे लिहिले, पेनचं टोपण लावलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "तोंड उघड."

त्याने का म्हणून विचारलं नाही. आ केला. तिने वाकून डावा गाल पाहिला, उजवा गाल पाहिला, जिभेखाली पाहिलं. मग त्याच्या हनुवटीखाली बोट लावून तोंड बंद केलं. बोट तिथे जरा जास्त वेळ राहिलं.

"पायाचं बघायला तोंड कशाला?" बाबांनी विचारलं.

"आमच्याकडे नियम आहे," आजोबा म्हणाले.

बाहेर बसने हॉर्न दिला, पाठोपाठ दुसरा.

"उगाच वाजवतोय," बाबा म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी उठले.