बघण्याची मजुरी

पंचावन्न किलोच्या वरची गोणी कुणी उचलायची नाही. वलियंगाडी बाजारातल्या गोदामांच्या दारांवर हे रंगवलेलं आहे.

सुलेमानी म्हणजे कोरा चहा, लिंबू जास्त.

संपाची नोटीस चौदा दिवस आधी, तीन प्रतींत.

माल दुसऱ्याने उतरवायचा, युनियनने बघत उभं राहायचं आणि बघण्याची मजुरी घ्यायची: ही रीत आता कायद्याने बंद.

मोय्दीनचा उजवा गुडघा, एक्स-रे, तारीख पुसट.

एकतीस टक्के. कृपया संगणक बंद करू नका.

पडद्यावरचं हे शेवटचं वाक्य सहदेवन युनियनच्या कचेरीत उभ्याउभ्या सव्वा तास वाचत होता. हमाल युनियनचा सेक्रेटरी, वय एकसष्ट, अंगात अजून हमालाचाच निळा शर्ट. अकरा वाजता हमालांच्या कल्याण मंडळात म्हाताऱ्या मोय्दीन हमालाच्या पेन्शनची सुनावणी होती, आणि मोय्दीनच्या सव्वीस वर्षांच्या हजेरीचा तक्ता या यंत्राच्या पोटात होता. वह्या वाळवीने कधीच खाल्ल्या होत्या. यंत्राने मात्र सकाळी कुणाला न विचारता स्वतःला नवं करायला घेतलं. साडेअकराला ते नवं झालं आणि म्हणालं, हा संगणक फार जुना आहे, आता दुसरा घ्या.

मंडळाने पुढचा बुधवार दिला. तीच शेवटची तारीख.

"बत्तीस संप केले मी," सहदेवन म्हणाला. "नोटीस न देता केलेला एक दाखव. आणि हे? खुशाल काम टाकून बसतं."

"तुझ्या संपांचं नंतर सांग," मोय्दीनने काठी मांडीवर आडवी घेतली. "माझ्या गुडघ्याचं काय?"

मागच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेत रजिला संगणक शिकवते. ती पेनड्राइव्ह घेऊन आली. "सहदेवेट्टा, आमच्या शाळेत हीच प्रणाली आहे. कुठल्या कंपनीची नाही, फुकट आहे. म्हाताऱ्या यंत्रावरसुद्धा पळते."

"तक्ता जाणार नाही ना?"

"आधी तोच बाहेर काढून ठेवते."

तासाभरात तक्ता उघडला. मोय्दीनने पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. सहदेवनने छापायला सांगितलं. छपाईयंत्र खडखडलं आणि कागदावर कुठल्याच लिपीत न बसणारी नक्षी उमटली. पानामागून पान.

"बाहेर दुकानात छापू या," रजिला म्हणाली.

"मंडळ घेतं का? त्यांना कडेला भोकं असलेला नंबराचा तीन-प्रती कागद लागतो. तो ओढणारं यंत्र अख्ख्या बाजारात हे एकच." सहदेवनचा आवाज चढला. "एकाने काम टाकलं, दुसरं आलं ते मुकादमाचं ऐकतच नाही. उद्या तिसरं आण."

रजिलाने त्या प्रणालीवाल्यांच्या मल्याळी गटात प्रश्न टाकला. पहिलं उत्तर आलं: आधी माहितीपुस्तिका वाचा. असं बोलणाऱ्याला गोदामाच्या फाटकातून आत घेत नाहीत, असं सहदेवनने तिथेच लिहून टाकलं. दुसरं उत्तर इडुक्कीच्या डोंगरातल्या कुणा बेन्सनचं. यंत्राचा नंबर काय, तार कुठली, दिवा कुठला लुकलुकतो?

"पोलिसात होता की काय हा," सहदेवन कुरकुरला आणि टेबलाखाली शिरून दिवा बघू लागला.

तीन दिवस हेच चाललं. रजिला शाळेत, सहदेवन दोन बोटांनी उत्तरं टंकतोय, बेन्सन नवं काहीतरी करून बघायला सांगतोय. तेही फसलं की सहदेवन त्याला लांबलचक शिव्या लिही, मग पुसून फक्त 'नाही झालं' पाठवी. मंगळवारी दुपारी बेन्सनने तीन ओळी धाडल्या, जशाच्या तशा टाका म्हणाला. एकदा चुकल्या. दुसऱ्यांदा छपाईयंत्राने एकोणीस पानं सरळ, स्वच्छ ओढली.

सहदेवनने लगेच लिहिलं: मजुरी किती झाली?

उत्तर आलं: काही नाही. कुणी अडला तर त्याला सांगा.

"काही नाही?" सहदेवन रजिलाकडे वळला. "तीन दिवस माणूस राबवला आणि मजुरी नाही? मी काय गोदामाचा मालक आहे? चाळीस वर्षं याच्याच विरुद्ध ओरडलो ना मी?"

"घ्या की फुकट. तुमच्या युनियनला तर..." रजिलाने पुढचं वाक्य सुलेमानीबरोबर गिळलं.

"बोल, बोल."

"काही नाही, सहदेवेट्टा. चहा निवतोय."

बुधवारी मंडळाच्या साहेबाने पानं दोनदा मोजली आणि शिक्का मारला. पेन्शन मंजूर झाली. मोय्दीन जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होता आणि प्रत्येक पायरीवर हसत होता.

गुरुवारी त्या गटात कासरगोडच्या एका सोसायटीच्या कारकुनाने विचारलं, छपाईत नक्षी येते, काय करावं? सहदेवन अजून रागातच होता. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं: दिवा कुठला लुकलुकतो, ते आधी सांगा.

दोन हजार सात साली रजिलाच्या शाळेत पहिले दहा संगणक आले, तेव्हा ती खोकी शिक्षिकांनी आणि मुलींनी स्वतः उतरवली होती, आणि फाटकाशी बघत उभ्या असलेल्या सहदेवनने त्या खोक्यांची मजुरी घेऊन पावती फाडली होती.