आईऐवजी आलेलं पिंप

मी एक जुनं निळं पिंप आहे. जमैकातल्या एका डोंगराळ वाडीत, मिस आयसिल्डा नावाच्या आजीच्या घरामागे, पन्हळीखाली मी उभा असतो. पत्र्यावरून येणारं पाणी माझ्यात साठतं. घरातली माणसं तोंड धुवायला आणि भांडी घासायला ते काढून नेतात. माझ्या पोटावर काळ्या रंगात मोठ्या अक्षरांनी काही लिहिलेलं आहे. उन्हानं ती अक्षरं पुसट झालीत. मित्रांनो, ती ठळक होती तेव्हाची गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे. सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं. पण अवघडलेल्या गोष्टी मोठी माणसं ऐकून घेत नाहीत, विषय बदलतात. म्हणून तुम्हांला सांगतो.

एका कारखान्यात तापलेलं प्लॅस्टिक साच्यात फुगवून मला बनवलं. आधी माझ्यात संत्र्याचा पाक भरला होता. तो संपला, मला धुतलं, आणि केमन बेटावर जॉर्ज टाउनच्या धक्क्याजवळ एका दुकानाबाहेर ओळीत उभं केलं. तो गोड वास पुढे कितीतरी दिवस माझ्या अंगाला होता.

बेट एवढंसं. पण तिथली स्वयंपाकघरं, हॉटेलं, बांधकामं आणि बागा सगळ्या बाहेरून आलेल्या माणसांच्या हातांवर चालतात. त्या प्रत्येक माणसाकडे कामाचा परवाना असतो. परवान्यावर ज्या मालकाचं नाव, त्याच्याकडेच काम करायचं. परवाना जिवंत असेपर्यंत बेटावर राहायचं. या माणसांतल्या आया माझ्यासारखी पिंपं विकत घेतात, खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात, महिनोन्‌महिने थोडं थोडं भरतात आणि नाताळच्या आधी बोटीनं घरी पाठवतात.

मला नोवलेट घेऊन गेली. जमैकाची, उंच, रुंद हातांची बाई. रँकिन कुटुंबाकडे ती घरकाम करायची आणि त्यांची छोटी ॲव्हा सांभाळायची. तिच्या खोलीत फिलिपिन्सची लिगाया राहायची, तीही घरकामालाच. दोघींनी मला रस्त्यावरून गडगडत आणलं.

"हे खोलीत मावणार, की आपण याच्यात राहायचं?" लिगायानं दारातच विचारलं.

"तू राहा. चिमणीएवढी तर आहेस."

"आमच्याकडे आपलं साधं खोकं असतं बाई. तुम्हांला सगळं हत्तीएवढं लागतं."

"तुमच्या खोक्यात तांदूळ भरले की बूड गळतं. हे बघ कसं उभं आहे, पोलिसासारखं."

माझी छाती फुगली. नोवलेट मला फार काळजीनं भरायची. तळाशी तांदूळ आणि पीठ, त्यावर मांसाचे डबे, तेल, साबण, मग कपडे. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत पेन्सिली. बोटभर जागा वाया जायची नाही. बूट आणण्याआधी ती भिंतीवर चिकटवलेला एक कागद काढायची. त्यावर एका पावलाची रेघ होती. कागदावर पाय ठेवून कडेनं पेन्सिल फिरवतात ना, तशी. नोवलेटची आई, मिस आयसिल्डा, दर उन्हाळ्यात तो कागद पाठवायची. त्याच्या खाली गेल्या वर्षीचा, त्याच्या खाली त्याआधीचा. सगळ्यात खालचं पाऊल बिस्किटाएवढं होतं.

"भाचीचं आहे," नोवलेट सगळ्यांना सांगायची. "केरिसा. फार हुशार."

"तुझ्या भाचीची आई करते काय गं?" लिगाया तांदूळ निवडता निवडता म्हणायची. "पोरीच्या बुटांची काळजी सगळी मावशीलाच."

"ती लांब असते."

"असेल. लाजही लांबच ठेवली असेल तिनं."

नोवलेट मोज्यांत पेन्सिली भरत राहायची. रविवारी फोन लागला की पोरीचा आवाज खोलीभर यायचा. "मावशी, या वेळी बक्कलवाले बूट नको हं. मुली हसतात. मावशी, ऐकतेयस ना?" मलाही ती मावशीच वाटायची. एका दुपारी मात्र, लिगाया कपडे वाळत घालायला गेली असताना, नोवलेट माझ्यात कमरेपर्यंत वाकली आणि बूट ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "आईनं आणलेत हं, राणी."

पिंपात बोललेलं घुमतं. तो शब्द तळापर्यंत गेला आणि परत वर आला. तिनं दचकून दाराकडे पाहिलं.

‘माय मरो, मावशी जगो’ असं म्हणतात. माय जिवंत असताना तिचीच मावशी करता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

झालं होतं असं. पहिल्यांदा परवान्याचा अर्ज भरताना तिच्या गावचा एक माहीतगार म्हणाला होता, "मुलं किती, असं विचारलंय तिथं ‘नाही’ लिही. पोर आहे म्हटलं की मालकीण म्हणते, ही सारखी सुट्टी मागणार, उद्या पोरीलाही घेऊन येणार." त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या बाया तसंच लिहायच्या. नोवलेटनं लिहिलं. केरिसा तेव्हा जेमतेम नीट बोलू लागली होती. परवाना वाढवायची वेळ आली की आधीचंच उत्तर पुन्हा. सुरुवातीला घरी फोन करायचा तो रँकिनबाईंच्या स्वयंपाकघरातून, बाई तिथंच बसलेल्या. म्हणून मिस आयसिल्डानं नातीला शिकवलं, "फोनवर आई म्हणायचं नाही हं, मावशी म्हणायचं." पोरीला तो आधी खेळ वाटला. मग सवय झाली.

त्या वर्षी नोवलेटची बेटावरची मुदत संपत आली होती. ठरलेली वर्षं भरली की दोनच वाटा असतात. कायम राहण्याचा अर्ज करायचा, नाहीतर बेट सोडायचं. एका रविवारी दुपारी लोरना रँकिनबाई अर्जाचे कागद घेऊन स्वतः खोलीवर आल्या. सोबत ॲव्हा होती. पोर आली ती सरळ माझ्याकडे धावली.

"सगळं मी भरून आणलंय," लोरनाबाई पलंगाच्या कडेला बसत म्हणाल्या. "तू फक्त वाच आणि सही कर. तू गेलीस तर माझं घर बसेल, नोवलेट. ही पोर माझ्या हातून जेवत नाही."

नोवलेटनं कागद हातात घेतले. मुलांच्या रकान्यात बाईंनी नेहमीप्रमाणे ‘नाही’ लिहिलं होतं. तिनं सही केली असती तर बहुतेक सगळं सुरळीत झालं असतं. ती बेटावर राहिली असती. पण केरिसाला तिची मुलगी म्हणून तिथं कधीच आणता आलं नसतं. आणि ‘आहे’ लिहिलं असतं, तर आजवरचं सगळं खोटं त्या एका शब्दानं उघडं पडलं असतं. ती पेन घेऊन तशीच बसली.

तेवढ्यात ॲव्हानं माझ्यातून काळे बूट काढले आणि त्यात आपले पाय घातले. फटक फटक चालत ती नोवलेटपुढे उभी राहिली.

"नोवी, हे कोणाचे?"

"केरिसाचे."

"ती माझ्याएवढी आहे?"

"नाही गं. खूप मोठी आहे."

"तिला आई नाहीये?"

"आहे की," लिगाया चुलीपाशी म्हणाली. "जरा विसराळू आहे."

"मग तिची आई का नाही आणत बूट?"

"आईनंच आणलेत," नोवलेट म्हणाली.

तिच्या तोंडून ते निघून गेलं. लिगायाचा हात भांड्यावर थांबला. मघाचं स्वतःचंच बोलणं आठवून तिचा चेहरा पार उतरला. खोलीत फक्त ॲव्हाच्या बुटांचा आवाज होता. नोवलेटनं मान खाली घातली, ती इतकी खाली की तिच्या मानेवरचा घाम मला दिसला. मला वाटलं आता बाई रागावणार. पण लोरनाबाईसुद्धा जमिनीकडेच बघत होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"ॲव्हाला तू पहिल्यांदा घेतलंस, तेव्हा मान कशी धरायची ते मला दाखवलंस. असं कुणी भाचीवरून शिकत नाही." त्यांनी पलंगावरची चादर सरळ केली. "मी विचारलं नाही, एवढंच. विचारलं असतं तर नाताळात तुला घरी पाठवावं लागलं असतं. मग मला कोण होतं?"

"आणि मी सांगितलं असतं, तर तुम्ही मला कामाला ठेवलं असतं का, मिसेस रँकिन?"

ॲव्हाला जवळ ओढून लोरनाबाईंनी तिचं नाक पुसलं. नाक स्वच्छच होतं.

"वेडेपणा करू नकोस," लिगाया पुटपुटली. "एक शब्द आहे. तो राहू दे आणि सही कर."

"तोच शब्द इतकी वर्षं राहू देतेय," नोवलेट म्हणाली. तिनं ‘नाही’वर रेघ मारली आणि पुढे केरिसाचं नाव लिहिलं. अक्षर ठळक आलं.

"मी येते कचेरीत तुझ्याबरोबर," लोरनाबाई उठता उठता म्हणाल्या. "मला माहीत होतं हेही सांगते." जाण्याआधी त्यांनी ॲव्हाच्या पायांतले बूट काढले, आपल्या रुमालानं पुसले आणि माझ्यात ठेवले. नोवलेटकडे त्यांना बघवलं नाही.

नाताळ जवळ आला. लिगायानं माझ्यात उभं राहून सगळं पायांनी दाबून बसवलं. "बघ, चिमणीचा उपयोग झाला की नाही?" ती म्हणाली. मग खाली उतरून नोवलेटच्या खांद्याला तिनं हात लावला आणि म्हणाली, "ते लाजेचं बोलले होते, ते परत घेते." नोवलेटनं झाकणावर लोखंडी कडी ठोकली. काळ्या रंगाचा डबा उघडून तिनं माझ्या पोटावर केरिसाचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, ‘आईकडून’.

धक्क्यावरचा माणूस वैतागला. "आई हे काय नाव झालं? इथं सगळी पिंपं आयाच पाठवतात. पूर्ण नाव लिहा." तिनं बाजूला बारीक अक्षरांत नाव लिहिलं. आधीचं पुसलं नाही.

बोटीतून आणि मग ट्रकमधून मी या वाडीत आलो. माझं केवढं कौतुक झालं म्हणून सांगू! शेजारपाजारचे गोळा झाले. कडी निघाली तसं सगळ्यांनी माझ्यात तोंड घालून वास घेतला. "किती भरून पाठवलंय," बायका म्हणाल्या. "अशी मावशी मिळायला भाग्य लागतं." फोनवरची मावशी इतक्या वर्षांत वाडीतही मावशीच झाली होती. मिस आयसिल्डा नुसती मान हलवत होती. केरिसा मात्र वस्तूंकडे बघत नव्हती. ती माझ्या पोटावरचं वाचत होती.

"आजी," तिनं विचारलं, "आता आई म्हणायचा परवाना मिळाला का?"

म्हातारीनं पाठ फिरवली आणि साबणाच्या वड्या उगाच पुन्हा रचायला घेतल्या. मित्रांनो, मी पुष्कळदा रिकामा उभा राहिलो आहे. रिकामं असण्याची मला कधी लाज वाटली नाही. त्या दिवशी मी काठोकाठ भरलेला होतो, आणि मला लाज वाटली. एका बाईऐवजी मला पाठवलं होतं, आणि मी तिच्यासारखा मुळीच नव्हतो.

मग मी खरंच रिकामा झालो. मला मागे आणून पन्हळीखाली ठेवलं. कौतुक संपलं. झाकण कुठंतरी हरवलं, आतून शेवाळ धरलं, कोंबड्या माझ्या काठावर बसू लागल्या.

पुढे एका सकाळी फाटक वाजलं. केरिसा माझ्यापाशी तोंड धूत होती. फाटकात नोवलेट उभी होती. हातात एकच पिशवी. आजवर तिच्याकडून काही ना काही आलं होतं, पण ती आली नव्हती. आज ती आली होती आणि बरोबर काही नव्हतं.

"नाही मिळालं," ती मिस आयसिल्डाला म्हणाली. "बाई आल्या होत्या माझ्याबरोबर. खूप बोलल्या. पण आधी खोटं लिहिलंय, असं कचेरीतले म्हणाले. खरंच होतं ते. मी काय सांगणार?" मग ती केरिसाकडे वळली, पण डोळे वर करेना. "मी तुझं नाव ‘नाही’ म्हणून लिहिलं होतं. इतकी वर्षं."

केरिसाच्या तोंडावरून पाणी ठिबकत होतं. ती आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"बूट लागतात," शेवटी ती म्हणाली.

"कुठं?"

"अंगठ्याला. आजी पेन्सिल तिरकी धरते. मी कधीपासून सांगतेय."

"तिरकी नाही धरत मी," मिस आयसिल्डा आतून ओरडली. "पोरगी पाय हलवते."

नोवलेट तिथंच चिखलात बसली. तिनं केरिसाचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला. सगळ्या आया पाहतात तसा. कागदावर तो अंगठा कधी दाबता आला नव्हता. केरिसानं पाय हलवला नाही.

आता बरेच दिवस झाले आहेत. नोवलेट रोज माझ्यातून पाणी काढते. मागच्या आठवड्यात तिनं मला आडवं करून आतून घासलं आणि फळीचं झाकण केलं. केरिसानं तिला मावशी म्हणणं सोडलं आहे. आई अजून म्हणत नाही. नुसतं "अगं" म्हणते. हाक आली की नोवलेट हातातलं टाकून जाते.

मित्रांनो, घरात जुनं पिंप असेल तर त्याला झाकण ठेवा, अधूनमधून घासा, ते पुष्कळ वर्षं पाणी देईल. आणि एक मागणं आहे. तुमच्या घरी लांबून कुणी बाई कामाला येत असेल, तुमची वेणी घालत असेल, तुम्हांला भरवत असेल, तर तिच्या मुलांची नावं विचारा. आता कोणत्या वर्गात आहेत, पायाचं माप काय, तेही विचारा. तिनं "मला मूल नाही" असं सांगितलं, तर थोडा वेळ तिच्याजवळ बसा. आणि मोठ्यांना सांगा, तिला सणाला घरी जाऊ द्या म्हणून. रिकाम्या हातांनी गेली तरी चालेल.